रोमेलच्या गावाशेजारून

जर्मनीतल्या उल्मला राहायला आल्यापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला एक प्रश्न हमखास येतो. रोमेलचं घर पाहिलंस का? विचारणारे काका, मामेभाऊ, शाळेतले मित्र, सगळे दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन सेनापतीचे चाहते. त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: तो नाझी नव्हता, खरा शिपाईगडी होता, आणि शेवटी हिटलरविरुद्ध उभा राहिला म्हणून मारला गेला. हे घर उल्मला लागूनच, हेर्लिंगनमध्ये आहे. 14 ऑक्टोबर 1944 ला हिटलरने धाडलेले दोन जनरल तिथे विष घेऊन आले. विष घेतलंस तर सरकारी इतमामाने अंत्यविधी आणि बायको-मुलाला अभय, नाहीतर खटला, असा तो सौदा होता. आधी युद्धात झालेल्या जखमांमुळे मृत्यू झाला, असं देशाला सांगण्यात आलं. मुलगा मानफ्रेड तेव्हा 15 वर्षांचा होता. पुढे तो 22 वर्षं श्टुटगार्टचा महापौर होता.

ही गोष्ट खरी आहे आणि ती ऐकताना काळजाला लागते. पण तिच्यावरून माणसाचं अख्खं आयुष्य तोलता येत नाही. 1939 मध्ये हिटलरच्या मुख्यालयाच्या रक्षक दलाची जबाबदारी रोमेलकडे होती. त्या जवळिकीमुळेच 1940 मध्ये त्याला सातवी पँझर (रणगाडा) डिव्हिजन मिळाली आणि तिच्यासह त्याने फ्रान्समध्ये धडक मारली. पुढे उत्तर आफ्रिकेत, लिबियातलं ब्रिटिशांच्या ताब्यातलं तोब्रुक बंदर पडल्यावर, पन्नाशीतच तो फील्ड मार्शल झाला. पकडलेल्या कमांडोंना ठार मारण्याचा हिटलरचा हुकूम त्याने आफ्रिकेत पाळला नाही, हे त्याच्या बाजूने मांडायलाच हवं. पण 1942 च्या उन्हाळ्यात, तो कैरोकडे सरकत असताना, वाल्टर राउफचं एसएस पथक (एसएस म्हणजे नाझींचं सशस्त्र दल) अथेन्समध्ये तयार थांबलं होतं. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंना मारण्यासाठी. रोमेल इजिप्तमधल्या अल-अलामेनला अडला म्हणून ते पथक तिथे पोहोचलं नाही. राउफने पुढे ट्युनिसमध्ये ज्यूंना वेठबिगारीला जुंपलं. 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर उत्तर इटलीतल्या इटालियन सैनिकांना नि:शस्त्र करून जर्मनीकडे धाडण्याचं काम रोमेलच्या हाताखालच्या फौजांनी केलं. हिटलरला मारण्याच्या 20 जुलै 1944 च्या कटाची त्याला नेमकी किती कल्पना होती, यावर इतिहासकार आजही भांडतात.

मग ही निष्कलंक प्रतिमा आली कुठून? बरीचशी शत्रूकडून. चर्चिलने 1942 च्या जानेवारीत ब्रिटिश संसदेत त्याला मोठा सेनापती म्हटलं. 1950 मध्ये त्याचं गाजलेलं चरित्र लिहिलं ते हिंदी लष्करातल्याच एका ब्रिटिश ब्रिगेडियरने. रोमेलचा चीफ ऑफ स्टाफ हान्स श्पायडेल नव्या जर्मन लष्करात आणि नाटोत मोठ्या पदांवर गेला. पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य उभारायचं होतं, त्यासाठी अभिमानाने नाव घेता येईल असा सेनानी हवा होता. 1970 मध्ये त्याचं नाव दिलेली एक विनाशिका नौदलात दाखल झाली.

इथून तासाभरावर त्याचं जन्मगाव हायडेनहाइम आहे. आफ्रिका कोरच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या त्याच्या जर्मन फौजेच्या, जुन्या सैनिकांनी 1961 मध्ये तिथे त्याचं स्मारक उभारलं. ते पाडा म्हणणारे होते, हात लावू नका म्हणणारेही होते. वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर 2020 मध्ये त्या दगडासमोर राइनर योस या शिल्पकाराने कुबड्यांवर उभ्या, एक पाय गमावलेल्या माणसाची आकृती बसवली. तो भूसुरुंगाचा बळी आहे. ऊन पडलं की त्याची सावली स्मारकावर पडते. अल-अलामेनच्या वाळूत पेरलेले सुरुंग युद्धानंतर कित्येक वर्षं तिथल्या बेदुईनांचे, वाळवंटातल्या भटक्या लोकांचे, पाय तोडत राहिले. रोमेलच्या सुरुंगपट्ट्यांत लाखो सुरुंग होते. ते पेरण्यात दोन्ही बाजू होत्या हेही खरं, पण या गावाने प्रश्न आपल्या माणसापुरता विचारला. मला ते फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे इतिहासातल्या माणसाबद्दल असा प्रश्न विचारणं अवघड होत चाललंय. 2004 च्या जानेवारीत एका पुस्तकावरून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्यात हस्तलिखितांचं जे नुकसान झालं, त्याने कुठल्या थोर पुरुषाचा मान वाढला? पुतळा, नामांतर, चित्रपट, काहीही निघालं की तू आमचा की त्यांचा, एवढंच विचारलं जातं. जर्मनीही धुतल्या तांदळासारखी नाही, आउगुस्टडोर्फच्या लष्करी तळाला आजही रोमेलचं नाव आहे. पण त्यावर भर सभेत बोलता येतं आणि बोलणाऱ्याचं ऑफिस फुटत नाही.

आणि ग्रुपवरच्या चाहत्यांनो, तोब्रुकचं एक सांगायचं राहिलं. 21 जून 1942 ला तिथे सुमारे 33 हजार सैनिक शरण गेले. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. कोकणातली, साताऱ्या-कोल्हापूरकडची माणसं, ज्यांचं केंद्र बेळगावला होतं. त्यांतली कित्येक घरच्या पत्राची वाट बघत कैदी छावण्यांत राहिली. रोमेलच्या ज्या विजयाचं तुम्ही कौतुक करता, तो या माणसांवरचा विजय होता. आपल्या पंचक्रोशीत त्या पलटणीतल्या कुणाचं घर असेल तर तिथे जा, म्हाताऱ्यांनी मागे काय सांगून ठेवलंय ते विचारा, आणि ग्रुपवर ते लिहा.