‘घरबसल्या एलएलबी’च्या मेसेजला एका वकिलाचं उत्तर

‘वकील व्हायचंय? कॉलेज निवडण्याआधी हे वाचा’ या मथळ्याचा मेसेज सध्या सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो देवगडहून मावसबहिणीने पाठवला, सोबत प्रश्न होता, ‘घराक बसान वकील होवूक मेळता म्हणतत, खरां काय ता?’ तिची मुलगी पतसंस्थेत नोकरी करते, मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली आहे आणि तिला मनापासून वकील व्हायचं आहे. मेसेजखालच्या नंबरवर तिने फोनही केला होता. प्रवेशाचा पहिला हप्ता भरायचा एवढंच बाकी होतं. मी ओरोसच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, म्हणून निदान विचारलं तरी. ज्यांच्या घरात विचारायला कोणी नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा. कोकणातल्या लॉ कॉलेजची पदवी तालुका कोर्टापुरती, ती हायकोर्टात चालत नाही. न्यायाधीश व्हायचं तर राष्ट्रीय विधी विद्यापीठच हवं, आणि तिथल्या मुलांना वकिली करण्यासाठीची बार कौन्सिलची परीक्षा माफ असते. मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांना लॉला प्रवेश नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायला लाखभर रुपये लागतात. आणि या सगळ्यावर तोडगा म्हणजे परराज्यातल्या एका विद्यापीठाची घरबसल्या एलएलबी. हजेरी नको, फक्त परीक्षेला जायचं, ‘यूजीसी मान्य’, ‘आता कोर्टानेच हजेरी रद्द केली आहे’, आणि लवकरच तुमच्या तालुक्यात सेंटर.

रचना नीट बघा. पहिले चार मुद्दे घाबरवायला आहेत, पाचवा विकायला. जवळचे, खरे रस्ते बंद आहेत असं आधी पटवायचं आणि मग जो रस्ता कुठेच जात नाही त्याचे पैसे घ्यायचे. म्हणून सुरुवात पाचव्यापासूनच करते.

वकिलीची सनद मिळवायची तर पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांचे नियम ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने, मान्य केलेली असावी लागते. हे 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 24 मध्ये आहे. ती पदवी कशी मिळवायची हे बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत आहे. लॉला जाणाऱ्या प्रत्येकाने हे नियम एकदा तरी स्वतः वाचावेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दर सत्र किमान 15 आठवड्यांचं, आठवड्याला किमान 30 तास, त्यातले 24 तास व्याख्यानांचे. नियम 12 प्रमाणे प्रत्येक विषयाच्या तासांना 70 टक्के हजेरी, अपवादात्मक कारण असेल तर 65 पर्यंत सूट. शिवाय अभिरूप न्यायालय, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवादाचा सराव, आणि तीन वर्षांत मिळून किमान 12 आठवडे प्रत्यक्ष वकिलांकडे किंवा न्यायालयात काम. यातलं काय घरी बसून होणार आहे, हे त्या फोनवरच्या माणसाने मला सांगावं.

‘यूजीसी मान्य’ हा शब्द लोकांना फसवायला सगळ्यांत सोयीचा. विद्यापीठ यूजीसीमान्य, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेलं, असू शकतं. त्या विद्यापीठाचा दूरस्थ बी.कॉम.ही मान्य असू शकतो. पण यूजीसीच्या 2020 च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांखाली जे अभ्यासक्रम या पद्धतीने चालवायला मनाई आहे, त्या यादीत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीबरोबर कायदाही आहे. म्हणजे बार कौन्सिलचं दार बंद, आणि ज्या यूजीसीचं नाव घेऊन हे विकतात तिचंही बंद. कायद्याची पदविका घरून करता येते. सोसायटीच्या सेक्रेटरीला, पत्रकाराला, बँकेतल्या माणसाला ती उपयोगी आहे, जरूर करा. पण तिच्यावर सनद मिळत नाही, आणि सनद नसताना वकिली केली तर त्याच अधिनियमाच्या कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

आता ‘कोर्टाने हजेरी रद्द केली’ या वाक्याबद्दल. यात अर्ध सत्य आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. दिल्ली उच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2025 ला एका निकालात म्हटलं की केवळ हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, आणि बार कौन्सिलने हजेरीचे नियम पुन्हा तपासावेत. त्या प्रकरणामागे एका विद्यार्थ्याचा जीव गेलेला होता. निकाल आहे तो विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाबद्दल, कडक नियमांच्या माणुसकीबद्दल. नियमित वर्गात शिकणाऱ्या मुलाचं वर्ष वाया जाऊ नये, यासाठी तो आहे. वर्गच नसलेला अभ्यासक्रम वैध आहे असं त्यात कुठेही नाही. एका मुलाच्या मृत्यूतून निघालेला निकाल प्रवेशाचा धंदा करायला वापरायचा, याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

उलट बार कौन्सिलने सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही लावायला सांगितलं, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने तसं जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्र द्यावं असंही. एका वेळी दोन नियमित पदव्या करण्याबद्दलही त्यात विचारणा आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी हे जाचक आहे, हे खरं. पण नियमांत वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 च्या दरम्यान घेता येतात आणि सकाळचे वर्ग घेणारी कॉलेजं आहेत. पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या नोकरीत वेळ बदलून घेता येतो का, हे साहेबांना विचारणं अवघड वाटतं, मान्य. तरी ते विचारणं तीन वर्षं आणि सगळी बचत बुडवण्यापेक्षा सोपं आहे.

आणि ‘तालुक्यात सेंटर’? बार कौन्सिलने ऑगस्ट 2025 मध्ये नवीन विधी महाविद्यालयांना तीन वर्षांची बंदी घातली. चालू कॉलेजांना नव्या तुकड्या किंवा नवे अभ्यासक्रमसुद्धा आधी मंजुरी घेतल्याशिवाय सुरू करता येत नाहीत. मग हे सेंटर कुठल्या मंजुरीवर निघणार? कुठल्या तरी गाळ्यावर फलक लागेल, फी गोळा होईल, आणि सनदेचा अर्ज केला की तिथे कळेल. नाही कळलं तरी 2015 पासून वकिलांच्या पदव्या विद्यापीठांकडून पडताळून घेण्याचे नियम आहेत. म्हणजे सनद चुकून मिळालीच तरी पुढे कधीही प्रश्न येईल, तोवर तुमच्या भरवशावर वकीलपत्र दिलेले पक्षकार असतील.

आता बाकीचे.

कोकणातली पदवी हायकोर्टात चालत नाही, हे लिहिणाऱ्याने कोकणातल्या कुठल्याच लॉ कॉलेजची गुणपत्रिका पाहिलेली नसावी. रत्नागिरीचं भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय, कुडाळचं व्हिक्टर डान्टस, अलिबागचं ॲड. दत्ता पाटील, ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. 1855 साली सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालयही मुंबई विद्यापीठाचंच. पदवी देणारं विद्यापीठ एकच, सनद देणारी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलही एकच. अधिवक्ता अधिनियमाचं कलम 30, जे 15 जून 2011 पासून अंमलात आहे, सनदधारकाला देशातल्या सगळ्या न्यायालयांत वकिलीचा हक्क देतं, सर्वोच्च न्यायालयासकट. ओरोसचा वकील आणि फोर्टमधला वकील यांच्या सनदेत कायद्याने काहीही फरक नाही.

हायकोर्टही आता तितकं लांब राहिलेलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच्या कक्षेत आहेत. करूळ किंवा फोंडा घाट चढला की हायकोर्ट. पूर्वी अपिलासाठी पक्षकाराला कोकणकन्या पकडून मुंबईला जावं लागे, तिथला वकील अनोळखी, इथल्या जमिनीचा इतिहास त्याला पहिल्यापासून सांगायचा. आता इथेच शिकलेल्या मुलामुलींसाठी हे काम उभं राहतं आहे, आणि नेमकं याच वेळी त्यांना सांगितलं जातं की तुमची पदवी बिनकामाची.

इथलं काम काय असतं तेही सांगते. एका सातबारावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, वारसांची नोंद नाही, आणि आंब्याच्या बागेवरून वाटपाचा दावा. 1949 च्या खोती निर्मूलनापासूनचे कागद, 1948 च्या कुळकायद्याचे हुकूम, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून, म्हणजे कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं त्या दिवसापासून, चाललेला कुळाचा वाद. जुना दस्त मोडी लिपीत निघतो आणि तो वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं. किनाऱ्यावर घर बांधायचं तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध. हे ज्या मुलीने तहसील कचेरीच्या फेऱ्या मारत, सीनियरच्या मागे उभं राहून शिकलं, तिच्याशी या विषयात कुठल्याही मोठ्या शहरातल्या नव्या वकिलाने बरोबरी करून दाखवावी. कनिष्ठ न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. साक्षीदार मालवणीत बोलतो. तो काय म्हणाला आणि काय म्हणायचं टाळलं, हे इथल्या माणसालाच चटकन कळतं.

मोठ्या शहराचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. कंपनी कायदा, मोठ्या सॉलिसिटर फर्म, आंतरराष्ट्रीय लवाद यांत जायचं असेल तर राष्ट्रीय विधी विद्यापीठं, पुण्याचं 1924 चं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय यांचा फायदा होतोच. त्या फर्म नोकरीसाठी मुलं घ्यायला तिथेच जातात, ग्रंथालयं मोठी, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांची सवय लागते. आपल्याकडच्या काही कॉलेजांत ग्रंथालय तोकडं आहे आणि वकिली करणारे प्राध्यापक तारीख लागली की तासाला येत नाहीत. हे बोललं पाहिजे, आणि संस्थाचालकांना विचारलंही पाहिजे. पण राष्ट्रीय विद्यापीठाची फी वर्षाला काही लाखांत जाते. तिथल्या प्रवेश परीक्षेत चांगले गुण असतील आणि घरची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर अवश्य जा. नसेल तर कर्ज काढण्याआधी, आपल्याला नेमकी कुठल्या कोर्टात वकिली करायची आहे, हे आधी ठरवा.

राष्ट्रीय विद्यापीठाच्या मुलांना बार परीक्षा माफ असते, हे सपशेल खोटं. 2009-10 या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेतलेल्या प्रत्येकाला ती आहे, आणि 10 फेब्रुवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली.

न्यायाधीश होण्याबद्दल. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा एमपीएससी घेते, तीन वर्षांची एलएलबी चालते आणि पाच वर्षांचीही. फरक पडला आहे तो वेगळ्याच गोष्टीने. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेला बसण्याआधी किमान तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे कॉलेजइतकाच प्रश्न आता हा आहे की पदवीनंतरची तीन वर्षं तुम्ही कुठल्या कोर्टात, कुठल्या सीनियरकडे काढणार. बाकी कोल्हापूरचं खंडपीठ सुरू झालं तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकलेले होते. 2022 मधले सरन्यायाधीश उदय लळित मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे. राष्ट्रीय विद्यापीठांतलं पहिलं बंगळुरूचं, तेच 1987 सालचं.

मुक्त विद्यापीठाबद्दल मेसेजने सगळ्यांत जास्त मुलींना घाबरवलं असणार, कारण आपल्याकडे लग्नानंतर, नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून शिकलेल्या खूप आहेत. बार कौन्सिलच्या त्याच 2008 च्या नियमांतला नियम 5 असं सांगतो की दहावी-बारावीची पायरी गाळून थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर प्रवेश नाही. बारावी करून मग मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने पदवी घेतली असेल तर प्रवेश आहे, नियमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. गुणांची अट खुल्या गटाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40.

सनदेचा खर्च. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 ला निकाल दिला की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क कुठल्याही राज्याच्या बार कौन्सिलला घेता येणार नाही. ते शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधी ठिकठिकाणी हजारो रुपये घेतले जात होते, तिथून ही अफवा आली असेल. बार परीक्षेचं शुल्क वेगळं. लाख कुठेच नाही.

हा मेसेज ज्यांच्या ग्रुपवर आहे त्यांनी खालच्या नंबरवर फोन करून एकच मागणी करावी: तुमच्या संस्थेला या वर्षीच्या एलएलबी प्रवेशासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने दिलेलं मंजुरीपत्र पाठवा, विद्यापीठाचं नको, यूजीसीचं नको. मान्य कॉलेजांची यादी बार कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे, तिच्याशी नाव आणि गाव दोन्ही ताडून बघा. पत्र आलं नाही, तर पैसे भरू नका, आणि ज्याने मेसेज पाठवला त्यालाही तसं कळवा. पैसे आधीच भरले असतील तर पावती आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तक्रार लिहायला मदत लागली तर तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.