ऋण काढून युद्ध

रविवारी सकाळी सांगलीहून भाच्याचा फोन येतो. तो सीए आहे, त्यामुळे गप्पा फिरून फिरून टॅक्सवर येतात. गेल्या खेपेला म्हणाला, "आत्या, तुझ्याकडे अमेरिकेत बरं आहे. सरकार टॅक्स कमी करतं आणि अतिरेक्यांना घरात घुसून मारतं. आमच्याकडे पगारदाराचा खिसा कापायचा आणि निवडणूक आली की वाटून टाकायचा." मी म्हटलं, अरे, ही दोन्ही कामं एकाच वेळी केली, तेच तर इथलं दुखणं आहे. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सत्तावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. नागरिक झाल्यावर २०१२ साली पहिलं मत दिलं ते रिपब्लिकन उमेदवाराला, आणि नंतरही बहुतेक वेळा त्याच पक्षाला. ही ओढ मी सांगलीहून घेऊन आले. हळदीच्या पेठेत बाबांची अडत होती. परवाने, इन्स्पेक्टर आणि फायली यांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. १९७३-७४ साली भारतात इन्कम टॅक्सचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. तो लागू व्हावा एवढी आमची कमाई कधीच नव्हती, पण बजेटवर कायदेपंडित नानी पालखीवाला काय बोलले ते बाबा पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवायचे. सरकारनं थोडं घ्यावं, मोजकंच करावं, पण करायचं ते चोख करावं, आणि उधारी मागे ठेवू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यातलं शेवटचं कलम माझ्या पक्षानं सोडून दिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

११ सप्टेंबर २००१ला मी जर्सी सिटीत कामाला होते, हडसनच्या या काठावर, जुळ्या मनोऱ्यांच्या अगदी समोर. दुसरा मनोरा खाली बसला तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावर उभे होतो. थोड्या वेळानं पलीकडून फेरीबोटी यायला लागल्या. उतरणारी माणसं डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरी, जणू पिठाच्या गिरणीतून आली असावीत. एका बाईच्या पायात एकच चप्पल होती. मी तिला पाण्याची बाटली दिली तेव्हा तिनं आधी डोळे धुतले. त्या दिवशी २,९७७ माणसं मारली गेली. आमच्या शेजारचा गृहस्थ गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक होता. दुसऱ्याच दिवशी तो ढिगाऱ्यावर गेला आणि कित्येक आठवडे जात राहिला. आज इन्हेलर खिशात ठेवल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही.

तेव्हा देश एक झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १४ सप्टेंबरला लष्करी कारवाईच्या ठरावावर प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ असं मतदान झालं, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. त्या दिवसांत कुणी म्हटलं असतं की या लढाईसाठी प्रत्येकानं वर्षाला दोनशे डॉलर जादा भरा, तर आमच्या गल्लीत एकानंही कुरकुर केली नसती. पण कुणी मागितलेच नाहीत.

उलट झालं. जूनमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आधीच, अध्यक्ष बुश यांच्या करकपातीचा मोठा कायदा झाला होता. त्यावर माझी तक्रार नाही. सलग चार वर्षं शिल्लक पडत होती आणि शिल्लक करदात्याला परत द्यावी हे मला पटतं. पण मार्च २००३मध्ये फौजा इराकमध्ये शिरल्या आणि मे महिन्यात दुसरी करकपात आली. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मतानं ती तरली. विरोधात मत देणाऱ्या तीन रिपब्लिकनांमध्ये जॉन मॅकेन होते. ज्या माणसानं हनोईच्या तुरुंगात साडेपाच वर्षं काढली, त्याला युद्धाचा खर्च काय असतो हे सांगावं लागत नव्हतं.

याआधी अमेरिकेत असं होत नसे. दुसऱ्या महायुद्धात इन्कम टॅक्स पहिल्यांदा सामान्य कामगारापर्यंत पोहोचला आणि १९४३पासून तो पगारातूनच कापला जाऊ लागला. व्हिएतनामच्या वेळी, १९६८ला, दहा टक्के अधिभार लागला. लोकांना तो आवडला नाही. आवडणारही नाही. पण युद्ध चालू आहे हे प्रत्येक घराला पगाराच्या दिवशी कळत होतं. २००३नंतर ते फक्त सैनिकांच्या घरांना कळत होतं.

इथे मला माझी आजी आठवते. १९६२च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अजून म्हणतो. त्या दिवसांत आजीनं हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली. दुसरी ठेवली ती आत्याच्या लग्नासाठी. पाटलीची पावती पोथीच्या बासनात होती. ती मी लहानपणी कितीतरी वेळा उघडून पाहिली आहे. पुढच्या वर्षी मोरारजी देसाईंनी कर वाढवले, सक्तीची ठेव योजना आणली आणि लोक चांगलेच चिडले. बाबाही चिडले होते. मला त्या योजनेची तरफदारी करायची नाही. मला एवढंच दिसतं की त्या पिढीनं आपल्या लढाईचं बिल आपल्याच हयातीत भरायचा प्रयत्न केला.

अमेरिकेनं ते नातवंडांच्या नावावर लिहिलं. २००१च्या सुरुवातीला देशावर सुमारे ५.७ लाख कोटी डॉलर कर्ज होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यानं ३८ लाख कोटींचा आकडा ओलांडला. सगळं युद्धामुळे नाही, मंदी आहे, कोविड आहे, म्हातारपणाच्या आणि औषधपाण्याच्या योजना आहेत. पण २०२४ सालात नुसतं व्याजच संरक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त झालं. उद्या खरोखर मोठा शत्रू उभा राहिला तर हा देश हातात काय घेऊन उभा राहणार, ही काळजी मला रात्री झोपू देत नाही.

डेमोक्रॅट यातून सुटत नाहीत. बुश यांच्या करकपातीला त्यांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली आणि जानेवारी २०१३मध्ये ओबामांच्या सहीनं तिचा बहुतेक भाग कायमचा करून टाकला. २०२१मध्ये कोविडच्या मदतीचं १.९ लाख कोटी डॉलरचं पॅकेज एकाही रिपब्लिकन मताशिवाय काढलं. आणि आमच्या पक्षाच्या २०१७ आणि २०२५च्या करकायद्यांना एकाही डेमोक्रॅटनं मत दिलं नाही. २०२५च्या कायद्यानं तूट दहा वर्षांत सुमारे ३.४ लाख कोटींनी वाढेल, असं काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्याच, अर्थसंकल्प कार्यालयानं सांगितलं. त्या कायद्यात राज्याच्या आणि घराच्या कराच्या वजावटीची मर्यादा १० हजार डॉलरवरून ४० हजारांवर नेली, म्हणजे न्यू जर्सीतल्या माझ्यासारखीचा थेट फायदा झाला. पैसे वाचले, पण आनंद झाला नाही. १९८६ साली रेगन यांच्या करसुधारणेला सिनेटनं ९७ विरुद्ध ३ मतांनी संमती दिली होती. दर उतरवले, त्याबरोबर पळवाटाही बुजवल्या. दोन्ही पक्षांना काहीतरी सोडावं लागलं होतं. आता सोडायचं ते न जन्मलेल्या पोरांनी.

सगळ्यात जास्त लाज मला २०१९ला वाटली. ढिगाऱ्यावर काम करून आजारी पडलेल्यांचा भरपाई निधी आटत होता. न्यूयॉर्क पोलीस दलातले निवृत्त डिटेक्टिव्ह लुईस अल्व्हारेझ जूनमध्ये संसदेच्या समितीसमोर साक्षीला आले. दुसऱ्या दिवशी त्यांची एकोणसत्तरावी केमोथेरपी होती. त्या महिन्याच्या अखेरीस ते गेले. जुलैत विधेयक सिनेटमध्ये आलं, तेव्हा केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांनी हरकत घेतली: हा पैसा दुसरीकडचा खर्च कापून भरून काढा. तत्त्व बरोबर आहे, मी त्याच तत्त्वावर वाढले. पण दीड वर्षापूर्वीच्या करकपातीला याच गृहस्थांनी मत दिलं होतं, आणि तिथे भरून काढायची अट नव्हती. (२०२५च्या कायद्याला त्यांनी कर्जाच्याच कारणानं विरोध केला, हेही सांगितलं पाहिजे.) विधेयक ९७ विरुद्ध २ असं मंजूर झालं. शेजारी टीव्हीसमोर बसून होता. तो पक्का डेमोक्रॅट. माझ्याकडे बघून काही बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

आता भाच्याचं दुसरं वाक्य. पगारदाराचा खिसा कापून वाटतात म्हणतोस. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही हे २०२५च्या बजेटमध्ये झालं, चांगलंच झालं. पण लाडक्या बहिणीला तू फुकटी समजू नकोस. ती साबण घेते, चपला घेते, मोबाइल भरते, आणि प्रत्येक वेळी जीएसटी देते. माझा आक्षेप वेगळा आहे. २०२४च्या विधानसभेला एका बाजूनं १५००चे २१०० करू म्हटलं, दुसरीनं ३००० देऊ म्हटलं. कुठून आणणार, ते दोघांनीही धडपणे सांगितलं नाही. राज्याचं कर्ज ९ लाख कोटींच्या वर आहे. आणि याच राज्यात २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या हातात एक लाठी होती. समोर एके-४७. लाठीनिशी त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. करातून पहिला पैसा कशावर जावा, हे मला त्या रात्रीनंतर कुणी पटवून द्यावं लागलेलं नाही.

एका बाबतीत मात्र आज तुम्ही आमच्यापेक्षा बरे आहात. डिसेंबर २००८मध्ये एनआयएचा कायदा सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून केला. पहलगाममध्ये सव्वीस जण मारले गेले, त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसं होती. त्यानंतर भारताची बाजू मांडायला खासदारांची सात शिष्टमंडळं निघाली. अमेरिकेत आलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख विरोधी पक्षाचे शशी थरूर होते. इथे आज रिपब्लिकन अध्यक्षानं डेमोक्रॅट नेत्याला असं पुढे केलेलं मला दिसत नाही. घरात भांडा, पण अतिरेक्यासमोर एक राहा, ही सवय तुमच्याकडे अजून शिल्लक आहे. ती घालवू नका.

आमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर शाळा, गाव आणि काउंटी असे तीन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. निम्म्याहून जास्त शाळेचा. म्हणून शाळेच्या बजेटच्या सभेला लोक येतात आणि फुटबॉलच्या मैदानाच्या नव्या दिव्यांवरून तासभर वाद घालतात. पुढच्या महिन्यात त्याच शाळेच्या जिममध्ये इथल्या संसदेच्या निवडणुकीतले दोन्ही उमेदवार बोलणार आहेत. मी एकच प्रश्न लिहून ठेवला आहे: पुढची लढाई लागली तर तिचे पैसे कोण भरणार, आणि कोणत्या वर्षी? शेजाऱ्याला वाचून दाखवला. त्यानं तो पुन्हा एकदा वाचायला लावला, मग म्हणाला, गाडी मी काढतो, लवकर गेलो तर पुढची रांग मिळेल.