धडधडणारी छाती म्हणजे हार नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘कॅप्टन कूल व्हा! दबावात शांत राहण्याची पाच सूत्रं’, सोबत धोनीचा फोटो आणि खाली ‘मुलांना नक्की पाठवा’. तो माझ्या १४ वर्षांच्या भाचीपर्यंत पोचला. ती एअर रायफलची नेमबाजी करते. रात्री तिचा फोन आला, “मावशी, लाइनवर उभी राहिले की माझी छाती धडधडते. म्हणजे माझ्यात ते नाहीच ना?” हे ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही.

तिला जे लागलं ते दुसरं सूत्र, म्हणून आधी तेच घेते. ‘खऱ्या चॅम्पियनची नाडी शेवटच्या क्षणीही वाढत नाही. ज्याची वाढली, तो हरला.’

साफ खोटं आहे हे. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर त्याने स्वतःच सांगितलं, की सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, फक्त कोरा चहा घेऊन तो आला होता, पोटात गोळा होता आणि छाती जोरात धडधडत होती. त्या धडधडीसकट त्याने ४५१.४ गुण मारले.

याहून मोठा पुरावा नेमबाजीच्या नियमांतच आहे. हृदयाचे ठोके मंदावणारी, हाताचा कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधं या खेळात बंद आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाज किम जोंग-सूच्या तपासणीत प्रोप्रानोलॉल हे असंच एक औषध सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं, एक रौप्य आणि एक कांस्य, काढून घेतली गेली. चॅम्पियनची नाडी मुळातच वाढत नसती, तर तिला आवरणाऱ्या गोळीवर बंदी घालायची वेळ का आली असती? ठोके सगळ्यांचे वाढतात. वाढलेल्या ठोक्यांतही नेम धरता येणं, हाच तर तो खेळ आहे.

पहिलं सूत्र म्हणतं, थंड डोकं जन्मजात असतं. नेमबाज अभिनव बिंद्रा २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचून सातवा आला होता. बीजिंगच्या आधी तो जर्मनीत जवळपास ४० फुटी खांबावर चढला. भीती अंगावर घ्यायची, घाबरलेलं असतानाही पुढचं पाऊल टाकायचं, यासाठी. मग बीजिंगच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी बरोबरी असताना त्याने १०.८ मारला आणि सुवर्ण जिंकलं. याला जन्मजात म्हणणं म्हणजे त्याची चार वर्षांची मेहनत पुसून टाकणं.

तिसरं, ‘मनात म्हणत राहा, मी शांत आहे.’ हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं. गाणं, भाषण, गणित, अशा घाबरवणाऱ्या कामांआधी स्वतःची समजूत घालून शांत व्हायला बघणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड आहेच, ती दाबत बसण्यापेक्षा तिला कामाला लावणं सोपं पडतं. माझ्या भाचीला मी हेच सांगितलं.

चौथं ऑफिससाठी आहे. ‘चांगला साहेब कधीच चिडत नाही, धोनी बघा.’ मग धोनीच बघा. ११ एप्रिल २०१९, जयपूर, आयपीएलचा सामना. तो बाद होऊन बाहेर गेलेला असतानाही नो-बॉलच्या निर्णयावरून थेट मैदानात गेला, पंचांशी वाद घातला आणि सामन्याचं निम्मं मानधन दंडात गेलं. चूक होती, पण त्याने त्याचं कर्णधारपण संपलं नाही. एकदा आवाज चढला म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या प्रत्येक मॅनेजरने हा सामना लक्षात ठेवावा.

पाचवं सूत्र दीर्घ श्वासाचं. एवढं मात्र मान्य करावं लागेल. श्वास सावकाश सोडला की ठोके थोडे उतरतात आणि स्वप्नीलनेही त्या दिवशी श्वासावरच लक्ष ठेवलं होतं. पण फॉरवर्डमध्ये लिहिलंय, ‘स्पर्धेच्या दिवशी करून बघा.’ त्या दिवशी पहिल्यांदा केलं तर पोरीचं सगळं लक्ष श्वास मोजण्यातच जाईल. ते रोजच्या सरावात, रायफल खांद्याला लावलेली असताना, महिनोन्‌महिने करावं लागतं.