गोंयकार आळशी म्हणून शेतं पडीक?

"गोंयकाराला काम नको, म्हणून शेतं पडीक. राबतात ते बाहेरचे. मग जमीन विकली तर बिघडलं कुठे?" पाऊस तोंडावर आला की हा मजकूर मोबाईलवर फिरायला लागतो. त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

काम नको म्हणे. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या दर शंभर काम करणाऱ्यांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून जेमतेम दहा. पण तिथे नोंद होते ती मुख्य कामाची. आठवडाभर कारखान्यात ड्युटी करून रविवारी लावणीला उतरणारा त्या दहांत धरलेला नाही. आणि धारबांदोड्याला संजीवनी साखर कारखान्याचं गाळप २०१९नंतर बंद पडलं, तेव्हा ऊस सोडणारा आळशी कसा?

पडीक शेताचं खरं कारण बघायचं तर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, उतरावं लागेल. तिथे एकट्याला शेती करताच येत नाही. बांध सगळ्यांचा, मानस, म्हणजे बांधातली दारं बसवलेली पाण्याची मोरी, तीही सगळ्यांची. भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला आतलं पाणी सोडायचं, हे मानशीच्या दारांवर अवलंबून. दार कुजलं किंवा बांधाला भगदाड पडलं की सगळ्यांचीच शेतं खारी होतात; कोरगुटासारखं मीठ सोसणारं भातही किती सोसणार? पूर्वी बांधाची निगा कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, राखायची. कूळ कायदा आला आणि ती जबाबदारी कूळसंघांवर गेली. मानशीवर मासळी धरायच्या हक्काचा लिलाव होतो, आणि लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवंच असतं. अशा वेळी शेजारची चार शेतं ओस पडली की पाचव्याने कितीही घाम गाळला तरी भात हाती लागत नाही.

बाहेरच्यांचं म्हणाल, तर माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा मुलगा महिन्याच्या पगाराकडे वळला, कारण माडावरून पडला तर घर कोण चालवणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ती जागा झारखंड-ओडिशातल्या माणसाने घेतली. त्याने कुणाच्या तोंडचा घास काढलेला नाही, आणि पडला तर त्याच्या घरालाही तोच प्रश्न आहे.

राहिली विक्री. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. एका शेतात मातीचा भराव पडला की वरच्या शेतांचं पाणी तुंबतं.

मानशीच्या लिलावाचा पैसा आधी बांधावर खर्च व्हावा आणि दारं पावसाआधी बदलावीत. ग्रामसभेत हा विषय मांडा, कूळसंघाकडे हिशेब मागा.