पाचचा गजर आणि आठ तासांची झोप

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावरचा फोटो येतो, खाली पावलांचा आकडा. परवा मी लिहिलं की इथे हॅम्बर्गमध्ये मी रात्री दहाला झोपतो आणि सहाला उठतो. चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, उत्तर आलं, "काऊन बे, तिकडं जाऊन म्हातारा झाला का? आम्ही तर पाच तासांत फ्रेश होऊन राहिलो." त्याखाली अंगठ्यांची रांग.

आपल्याकडे पहाटे उठणं हा गुण आणि पुरतं झोपणं हा आळस. दादा नेमाने चालतो, त्याचं मला खरंच कौतुक आहे. पण तो साडेबाराला आडवा होतो. त्याची पावलं झोपेच्या खात्यावर उधार चालली आहेत.

"मला पुरते" या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००३ च्या अभ्यासात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं, आणि ते स्वतः मात्र 'थोडीशीच झोप येतेय' असं सांगत होते. शिकागोत १९९९ मध्ये तरुण पुरुषांना सहा रात्री चार-चार तास झोपवलं, तर रक्तातली साखर आवरण्याची त्यांच्या शरीराची क्षमता घटली. ज्या घरांत चाळिशीतच साखरेची गोळी सुरू होते, त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये.

व्यायामाचंही आपण फक्त चालणं करून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर. ही दुसरी अट ग्रुपवर कोणी वाचलेली दिसत नाही. जिना चढायला, खाली बसून हात न टेकता उठायला मांड्यांत ताकद लागते. ती नुसत्या पावलांनी येत नाही. अशा व्यायामाने झोपही चांगली लागते, हा वरचा फायदा.

इथले लोक फार शिस्तीचे आहेत असं नाही. कायदाच कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती द्यायला लावतो आणि रात्री दहा ते सहा शांतता असते. गंमत म्हणजे आपल्याकडेही २००० च्या नियमांनुसार लाउडस्पीकरला रात्री दहा ते सहा बंदीच आहे, सणासुदीच्या मोजक्या सवलती सोडल्या तर. घड्याळ तेच. पण लग्नाच्या लॉनसमोर राहणारा नागपूरकर "जाऊ दे, लगीनसराई आहे" म्हणून उशी कानावर घेतो. वर मे महिना: स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो, कूलर दमट वारा फेकतो. मिहानमधल्या कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या पोरांना पहाटेचा गजर लावायला सांगणं तर क्रूरपणाच.

इकडेही नाटकं कमी नाहीत. मनगटावरचं घड्याळ झोपेला गुण देतं आणि कमी पडले की सहकारी दिवसभर तोंड पाडून बसतो. डिसेंबरात दुपारी चारला अंधार. ओळखीच्या चार माणसांना हात करत चालायचं आणि नंतर तर्री पोह्यांवर भांडायचं, हे सुख इथे कुठलं? ती सकाळ दादाने सोडावी असं मी म्हणणार नाही. त्याने रात्रीचा मोबाईल सोडावा.

आणि वहिनी? दादाचा चहा आणि मुलीचा डबा, दोन्ही तिच्याकडे असल्याने तीही पाचलाच उठते, आणि झोपते मात्र भांडी आवरून सगळ्यांच्या शेवटी. तिच्या पावलांचा फोटो ग्रुपवर कधी येत नाही. दादाला मी वेगळा मेसेज केलाय: निदान चहा तू कर, आणि आठवड्यातून दोनदा चालणं संध्याकाळी ठेव, तिला घेऊन. निळ्या खुणा दिसल्यात, उत्तर अजून नाही.