पाणी काढा, पण पळवू नका

आज सकाळी पाऊस उघडल्यावर ओढ्यावर गेलो आणि डोकंच फिरलं. वरच्या अंगाच्या वावरात नवा चर खणलाय. दोरी लावल्यासारखा सरळ, थेट ओढ्यात. पाणी दाट चहासारखं. ओंजळीत घेतलं, ते निथळलं आणि तळहातावर मऊ मातीचा थर उरला. मालक खुशीत, "बघा, अर्ध्या तासात वावर मोकळं!"

मोकळं झालं हो, पण ते सगळं गेलं कुठे? खालच्या लोकांच्या हंड्यातच ना?

राग आला, तरी तोंड उघडेना. कारण असाच चर मीही मारला होता. आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात आजोबांनी एक खोलगट तुकडा तसाच सोडला होता. लव्हाळं, पाणकणीस माजलेलं, बेडकांचा कलकलाट. शेताचं सगळं पाणी तिथे रेंगाळायचं आणि मग ओढ्याला लागायचं. मला ती जागा वाया गेलेली दिसायची. आजोबांच्या माघारी मी ती बुजवली आणि चर थेट ओढ्यात काढला. दोन पावसाळ्यांत खालच्या डोहावर शेवाळाची हिरवी साय धरली. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तो कोपरा दोन कामं फुकटात करत होता. खतातलं स्फुरद (फॉस्फरस), ज्यावर शेवाळ पोसतं, ते बरंचसं मातीच्या कणांना चिकटून जातं. पाणी संथावलं की माती तळाला बसते, तिच्याबरोबर तेही. नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं (नायट्रोजनचं) रूप, मात्र विरघळलेलं असतं, नुसतं थांबवून ते बसत नाही. त्याला हवा न शिरणारा चिखल लागतो. तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. निचऱ्यासाठी जमिनीखालून पाइप टाकणाऱ्यांनी तर जास्त जपावं. काठावर कितीही गवत लावा, पाइपातलं पाणी त्याच्या खालून निसटतं. पाइपाच्या तोंडाशी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा केला, तर तेच जिवाणू तिथेही काम करतात.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तान्ह्या बाळाच्या दुधात तसलं पाणी गेलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते. बाळ निळं पडतं. आणि आपण अर्ध्या तासाची फुशारकी मारायची?

साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, मान्य. निचरा हवाच. लहान शेतात कोपरा सोडणं जिवावर येतं, तेही खरं. पण चराला वळण द्या, मधे दगड रचा, काठाला गवत येऊ द्या, शेवटी गाळाचा खड्डा ठेवा. तो दरवर्षी उपसावा लागतो, कटकट आहे. पण तो गाळ आपल्याच शेताचा वरचा कस आहे, परत वावरात टाका.

मी आजोबांचा कोपरा पुन्हा उकरलाय. लव्हाळं आपसूक आलं. आज आत शिरणारं पाणी तांबडं होतं; बाहेर पडताना त्यात माझ्या पायाची बोटं दिसत होती, अंधुक का होईना.

उद्या शेजाऱ्याला तिथे घेऊन जाणार आहे. सकाळी त्याच्याशी धड बोललोही नाही, ते लागून राहिलंय.