बुफे वाईट नाही, टेबल भिंतीला लावलंय

लग्नसराई आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत एकच वाद पेटतो आणि फोनवरून तो आमच्यापर्यंतही येतो: वास्तुशांतीला, बारशाला पंगत घालायची की बुफे लावायचा? थोरली माणसं म्हणतात, ताट घेऊन रांगेत उभं राहणं हे काय जेवण झालं? 'बसा की ओ, घ्या की अजून' म्हणायला कुणी नाही. धाकटी म्हणतात, वाढायला माणसं कुठनं आणायची?

इथं इंग्लंडात हा प्रश्नच येत नाही. बैठकीच्या खोलीत ३० माणसं मांडी घालून बसत नाहीत, म्हणून बुफे. पण इथलं ते शहाणपण असं समजू नका. चूक दोन्हीकडं सारखीच होते: टेबल भिंतीला टेकवायचं आणि सगळ्यांना एकाच बाजूनं सोडायचं. शेवटच्या माणसाचा नंबर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. पुन्हा या रांगेत कोण येणार, म्हणून तो पहिल्याच फेरीत ताटावर डोंगर रचतो आणि निम्मा टाकतो. पंगतीत आग्रहानं वाया जातं, बुफेत रांगेच्या धास्तीनं. आणि पंगतीचं फार कौतुक करताना पंक्तिभेदही आठवावा. कोण कुठल्या ओळीत बसणार हे त्याच पंगतीत ठरायचं.

टेबल भिंतीपासून तीन फूट पुढं ओढलं की दोन्ही बाजूंनी रांग चालते. प्रत्येक भांड्यात दोन डाव ठेवा, म्हणजे समोरासमोरची माणसं एकमेकांसाठी थांबत नाहीत. ताटं सुरुवातीला, चमचे आणि कागदी रुमाल मात्र शेवटी, कारण आधी घेतलेला चमचा धरायला हात उरत नाही. वाट्या आमटीच्या शेजारी. पाणी आणि ताक दुसऱ्याच कोपऱ्यात, नाहीतर ग्लास भरणारा माणूस रांग अडवतो. गोडाचा डाव लहान ठेवा. मोठा डाव दिसला की माणूस तो भरूनच घेतो.

प्रमाणात गफलत होते ती वेगळ्याच कारणानं. प्रत्येक पदार्थ जणू एकटाच आहे असं धरून माणशी हिशेब केला जातो. पोळी, दोन भाज्या, भात, आमटी आणि गोड असेल तर ३० जणांना २ किलो तांदूळ, ३ किलो बटाटे, दीड किलो मोड आलेली मटकी, ५ लिटर आमटी, ७५-८० पोळ्या आणि अडीच किलो श्रीखंड पुरतं. श्रीखंडाऐवजी कुंदा, म्हणजे बेळगावकडची आटवलेल्या दुधाची मिठाई, असेल तर सव्वा किलो. कुंदा कुणी वाटीभर खात नाही. आमटी नेहमीपेक्षा थोडी दाट करा, पातळ आमटी उभ्यानं जेवणाऱ्याच्या ताटातून आधी भातात आणि मग सदऱ्यावर जाते. इंद्रायणीचा भात तासाभरात भांड्यात गोळा होऊन बसतो, त्यापेक्षा मोकळा शिजणारा तांदूळ घ्या. पोळ्यांची चौघडी घाला. भाकरीचे आधीच चार तुकडे करा, एका हातात ताट असताना अख्खी भाकरी मोडत नाही. मांडे मात्र बुफेत ठेवूच नका. तो कागदासारखा पातळ पदार्थ. डाव लागला की चुरा. त्याला बसलेला माणूस आणि वाटीभर दूधच पाहिजे.

एक गोष्ट मात्र इथनं तिकडं न्यावी: तापमानाची शिस्त. इथल्या खानावळींना नियम आहे, गरम पदार्थ ६३ अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचा; त्याखाली आला तर जास्तीत जास्त दोन तास, तेही एकदाच. घरी कुणी तपासायला येत नाही, पण जंतूंना घर आणि खानावळ सारखंच. बुफेत पदार्थ गरम ठेवायला खाली पाणी आणि त्याखाली बारीक ज्योत असलेलं पसरट दुहेरी भांडं (चेफिंग डिश) असतं, त्यात खाली उकळतं पाणीच ओता, वरचा पदार्थही वाफाळता असू द्या. ती बारीक ज्योत ऊब टिकवायला असते, गार भाजी तिच्यावर कधीच तापत नाही. एकदम सगळं बाहेर मांडण्यापेक्षा निम्मं स्वयंपाकघरात झाकून ठेवा. बेळगावात गच्चीवर मांडणार असाल तर वाऱ्यानं ज्योत विझते, आणि मे महिन्यात वळीव सांगून येत नाही.

पाट्या लिहा. पाटीचा विषय आपल्याकडं नाजूक, पण कोशिंबिरीपुढं मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायला कुणाची हरकत नसावी. पदार्थाच्या नावापेक्षा त्यात काय आहे ते महत्त्वाचं. आपल्या भागात जैन घरं बरीच; कांदा-लसूण नसलेल्या भाज्या वेगळ्या टोकाला, स्वतःच्या डावासह ठेवा. डाव एकदा इकडचा तिकडं गेला की पाटीचा उपयोग संपला. शेंगदाण्याचं कूट आपण सवयीनं सगळ्यात घालतो. इथं ते सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तिकडं कुणी विचारतही नाही.

माझं मत विचाराल तर पहिली फेरी बुफेची, पुढचं वाढप हाती. सगळे आपापलं ताट घेऊन खुर्चीवर, सोप्यावर, जिथं जागा मिळेल तिथं बसले की दोघांनी आमटी, भात आणि पोळी घेऊन फिरायचं. वयस्कर माणसांची ताटं आधीच वाढून न्यायची. ३० जणांना दोन वाढपी पुरतात, आणि आग्रहही होतो.

उरलेला भात पातेल्यात तसाच झाकून ठेवू नका, मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. परातीत पसरून तासाभरात गार करा, फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. शेजाऱ्यांना द्यायचे डबे पाहुणे यायच्या आधीच धुऊन, झाकणं जुळवून ठेवा. रात्री अकराला झाकण सापडत नाही.